निघालो म्हणजे नक्की काय

दारावरची बेल बदलायला माणसाला किती वेळ लागावा? दोन स्क्रू, दोन बॅटऱ्या आणि स्टूल धरायला बायको, म्हणजे धरून चाला अर्धा तास. निरीक्षकांना सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत त्यांची एक दाढ गेली, महापालिकेच्या दोन खिडक्यांना त्यांचा चेहरा पाठ झाला, इमारतीत उभी फूट पडली, आणि एवढं होऊन बेल काही नीट बसली नाहीच.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्याचे निरीक्षक. दुकानातला काटा खरं बोलतो की खोटं, ते बघायचं आणि त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. एकोणतीस वर्षं हे केल्यावर त्यांचा असा ठाम समज झाला होता की जगातली कोणतीही वस्तू एकतर बरोबर असते, नाहीतर जप्त करण्याजोगी असते. मधलं काही नसतं.

जुनी बेल तीन आठवडे आजारी होती. आधी ती घोगरी झाली, मग जोरात दाबल्यावर नुसती कण्हायला लागली, आणि एका मंगळवारी तिनं मान टाकली. तेव्हापासून बायको रोज एकदा म्हणायची, "अहो, बेल." बायको सकाळच्या शाळेत गणित शिकवायची, एकच गोष्ट चाळीस वेळा, आवाज न चढवता सांगायची तिला सवय होती. बाविसाव्या दिवशी निरीक्षक उठले आणि विजेच्या सामानाच्या दुकानात गेले.

विजेच्या सामानाच्या दुकानात तराजू नसतो. त्यामुळे निरीक्षकांचा तिथं काडीचा वचक नव्हता. दुकानदारानं त्यांना दहा मिनिटं ताटकळत ठेवलं आणि मग एक पांढरी डबी पुढ्यात सरकवली.

"बिनतारी आहे साहेब. वीस आवाज आहेत. हवा तो लावा."

पहिला आवाज पाखराचा होता, पण त्या पाखराला दमा असावा. दुसरा कुत्र्याचा. तिसऱ्यात तान्हं मूल टाहो फोडत होतं. असला आवाज स्वतःच्या दारावर कोण लावून घेतं, असं निरीक्षकांनी विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "खपतो की तो पण." सतराव्या आवाजाला मात्र निरीक्षकांनी हात वर केला. थांब.

ते गाणं माहीत नाही असा माणूस त्या शहरात शोधून सापडला नसता. रेडिओनं ते वाजवून झिजवलं होतं, न्हाव्यांनी वाजवलं होतं, बसचे ड्रायव्हर ते सिग्नलला स्टिअरिंगवर बडवत.

*कडी नको लावू, मी निघालो,*
*उजाडेल तेव्हा उजाडो, मी निघालो.*

पुढचं कडवं कोणालाच येत नसे. तिथं सगळे "ना ना ना" करत आपापल्या वाटेनं जात आणि पुन्हा "मी निघालो"वर येऊन भेटत.

डबीतून ते बारीक आवाजात आलं आणि निरीक्षकांच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. दिवसभर उन्हातान्हात हिंडलेला माणूस. घराची ओढ. दारामागं वाट बघणारी बायको. "कडी लावू नको गं, निघालो मी, पोचतोच आहे." गाण्यानं विरघळण्याचा प्रसंग त्यांच्यावर वर्षातून एखादवेळी येई, आणि आलाच आहे तर वाया कशाला घालवा म्हणून त्यांनी बेल घेतली.

जुन्या वायरी काढायला वायरमन बोलावला. त्यानं नवं बटण बसवलं, दाबून पाहिलं, आणि गाणं संपेपर्यंत पक्कड छातीशी धरून उभा राहिला.

"काय गाणं आहे साहेब! कारखान्यातली नोकरी सोडली ना मी, तेव्हा फाटकातून बाहेर पडताना हेच म्हणत होतो. सुपरवायझरच्या तोंडावर."

"हे घरी येणाऱ्याचं गाणं आहे," निरीक्षक म्हणाले.

"छे हो! घरी येणारा कशाला म्हणेल उजाडेल तेव्हा उजाडो? हा सगळ्याला लाथ मारून चाललाय. कडी लावा न लावा, मला काय त्याचं."

असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय बटण डावीकडे कललेलं बसलं होतं. निरीक्षकांनी घरातली पाणसळ आणून त्याला तो कल दाखवला. वायरमन म्हणाला, "गाणं सरळ वाजतंय ना?" आणि खरोखरच निघाला.

मग निरीक्षक स्वतः बाहेर गेले, दार ओढून घेतलं, कपडे नीट केले आणि बटण दाबलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. बायकोच्या हातात तपासायच्या वह्या होत्या, कानामागं लाल पेन.

"हेच गाणं मिळालं का?"

"विसांतून निवडलंय."

"हं," म्हणून ती पुन्हा वह्यांकडे गेली.

त्या "हं"मध्ये निरीक्षकांना कृतज्ञता ऐकू आली. "हं" मोजायचं माप अजून निघालेलं नाही, त्यामुळे माणसं त्यात आपल्याला सोयीचं ते ऐकतात.

समोरच्या दारात सिस्टर राहायच्या. सरकारी रुग्णालयात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. आवाज असा की भूल दिलेला रोगी उठून बसावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाल्यानं बेल दाबली आणि समोरचं दार धाडकन उघडून सिस्टर बाहेर आल्या. नजर मनगटावरच्या घड्याळावर.

"कोण गेलं?"

"कोणी नाही सिस्टर. बेल आहे, नवी."

"अगंबाई! अहो, आमच्या वॉर्डात रेडिओ होता, त्यावर सारखं लागायचं हे. शेवटच्या घटकेचं गाणं आहे ते. कडी लावू नका म्हणतो, कारण आता त्याला दार लागतंय कुठं? तीन जणांचे डोळे मिटलेत मी या गाण्यावर. ऐकलं की हात आपोआप घड्याळाकडे जातो. वेळ लिहायला."

"तुम्हाला त्रास होत असेल तर..."

"त्रास कसला, सवय आहे. पण दिवसातून सहा-सहा जण जायला लागले तर अवघड होईल हो."

निरीक्षकांनी हसून दाखवलं. आत येऊन ते बायकोला म्हणाले, "सिस्टरांना गाण्यातलं काही कळत नाही." बायको वही तपासत होती. तिनं कोणाच्या तरी उत्तरावर लाल फुली मारली.

खरी कटकट पुढच्या आठवड्यात सुरू झाली. बेल आपोआप वाजू लागली. "मी निघालो!" ऐकून बायको उठे, दार उघडे, तर बाहेर चिटपाखरू नसे. समोर सिस्टर मात्र घड्याळ बघत उभ्या असत. निरीक्षकांनी वही घालून वेळा टिपल्या आणि चौथ्या दिवशी गॅलरीत उभं राहून गुन्हेगार पकडला. गुन्हेगार म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी, तळमजल्यावर राहणारे दातांचे डॉक्टर. त्यांनी गाडी लावून किल्लीचं बटण दाबलं की गाडी खाली "टुक टुक" करी, आणि त्याच क्षणी तिसऱ्या मजल्यावर बेल ओरडे, "मी निघालो!"

इमारतीनं आठवडाभर या गोष्टीचा मनमुराद आनंद लुटला. डॉक्टर रुबाबात गाडीतून उतरत, आणि वरून घोषणा होई की ते निघाले. गॅलऱ्यांतून लोक म्हणत, "अरेरे, इतक्यात? बसा की थोडं." डॉक्टर स्वभावानं मानी होते. नवव्या दिवशी निरीक्षकांच्या दाराखालून नोटीस सरकली.

"आपल्या दारावरील उपकरणातून, सेक्रेटरी इमारतीत प्रवेश करत असताना ते निघून जात असल्याची खोटी व मानहानीकारक घोषणा वारंवार होत आहे. उपकरण चार दिवसांत काढावे."

आवाज बदलला असता तर सगळं मिटलं असतं. पण आवाज बदलायचं बारीक बटण वायरमननं स्क्रूखाली चिरडलं होतं. बेल आता जन्मभर सतरा नंबरच गाणार होती. दुकानदार म्हणाला, भोक पाडलेला माल परत घेत नाही. राहता राहिलं बेल काढून टाकणं. ते दोन मिनिटांचं काम होतं, आणि नोटीस यायच्या आधी निरीक्षकांनी ते केलंही असतं. पण नोटीस आल्यावर काढायची म्हणजे कबुली. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांना नोटिसा बजावलेल्या माणसाला आयुष्यातली पहिली नोटीस आली होती, आणि तीही दातवाल्याकडून. त्यांनी उत्तर लिहिलं.

"सदर गाण्यातील 'निघालो' याचा अर्थ 'येण्यास निघालो' असा असून, त्यायोगे आपल्या आगमनाची उचित वर्दीच दिली जात आहे. कळावे."

"पाठवू का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"वर्दीतला दी दीर्घ आहे ना बघा," ती म्हणाली. याहून जास्त रस तिनं घेतला नाही.

दैव कसं असतं बघा, त्याच आठवड्यात निरीक्षकांची दाढ ठणकायला लागली. दोन दिवस त्यांनी लवंग धरून मान राखला. तिसऱ्या दिवशी गाल सुजला आणि ते निमूटपणे तळमजल्यावरच्या दवाखान्यात जाऊन खुर्चीवर आडवे झाले.

"आ करा," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली, आरसा घातला आणि चर्चेला सुरुवात केली. "कडी नको लावू म्हणजे काय हो? अख्ख्या इमारतीला सांगायचं की दारं सताड उघडी टाका? मागच्या वर्षी दोन सायकली गेल्या."

"आँ..."

"बोलू नका. आणि निघालो म्हणजे गेलाच. येणारा-बिणारा काही नाही. माझे पेशंट बघा. बाहेर बाकावर बसलेले असतात. आत मशीनचा आवाज झाला की म्हणतात, डॉक्टर, जरा निघालो. येतो का एक तरी परत?"

"आँ आँ!"

"म्हणजे तुम्हालाही पटतंय. तर असं करू, सभा बोलावू आणि गाण्याचा अर्थ एकदाचा ठरवून टाकू. तोवर तुम्ही महापालिकेचं ना-हरकत आणा. कबूल? मान हलवू नका, सुई आहे. नुसतं आँ म्हणा."

निरीक्षक आँ म्हणाले. इमारतीच्या वहीत याची नोंद "सभासदाने तोंडी संमती दिली" अशी झाली. दाढ गेली ती वेगळीच.

महापालिकेत पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं. दुसऱ्या खिडकीवर एक छापील अर्ज मिळाला. त्यात "ध्वनीचा प्रकार" असा रकाना होता आणि पुढं तीन चौकटी: सूचना, करमणूक, शोक. निरीक्षकांनी सूचनेवर खूण केली.

"कसली बेल?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

निरीक्षकांनी सांगितलं. नव्या खिंडारातून वारा जात असल्यामुळे त्यांचा उच्चार जरा फुसका येत होता.

"ते गाणं? मग ते करमणुकीत टाका. नाहीतर थांबा." कारकुनानं पेन खाली ठेवलं. "आमचे मोठे साहेब बदली होऊन गेले तेव्हा निरोप समारंभात हेच लावलं होतं. अर्धं ऑफिस रडलं. म्हणजे शोक. बरं, तीन चौकटींत तीन खुणा केल्या तर अर्ज बाद होतो. तुम्ही आधी अर्थाचा दाखला आणा."

"अर्थाचा दाखला कुठं मिळतो?"

"भाषा कक्ष. चौथा मजला. लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच जाते."

भाषा कक्षात एक टेबल, चार कपाटं आणि चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या एक बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि कपाटातून एक फाईल काढली.

"या ओळीवरचा हा अकरावा अर्ज."

निरीक्षकांना एकदम धीर आला. आपल्यासारखी आणखी दहा माणसं या शहरात आहेत, या विचारानं त्यांना भरून आलं. "मग बाई, अर्थ काय ठरला?"

"अर्थाचं नंतर. आधी हे बघा. 'नको लावू'! 'लावूस' पाहिजे, 'लावूस'. गेली कित्येक वर्षं ऐकतेय मी हे. बसमध्ये, दुकानात, सख्ख्या बहिणीच्या लग्नात. दर वेळी इथं खुपतं." बाईंनी बरगडीवर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं जुनं दुःख होतं की निरीक्षकांना क्षणभर स्वतःची दाढ विसरायला झालं.

"खरं आहे. पण तो येतोय की जातोय?"

"निघालो म्हणजे निघालो. जिथून निघाला तिथले म्हणणार गेला, जिकडे निघाला तिकडले म्हणणार येतोय. दोघंही बरोबर."

"दोघंही बरोबर कसे असतील? काहीतरी एक असलं पाहिजे ना."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोणत्या खात्यात आहात?"

"वजनमापे."

"वाटलंच," म्हणून बाईंनी दाखला लिहिला. "दोन्ही अर्थ संभवतात. शुद्धलेखन सदोष." खाली गोल शिक्का. निरीक्षकांनी आयुष्यात हजारो शिक्के मारले होते, पण एकाच वस्तूवर खरी आणि खोटी असा दुहेरी शिक्का बसलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. तो कागद घेऊन ते लिफ्टकडे न बघताच चारही मजले पायी उतरले.

सभा रविवारी सकाळी दहाला, खाली गाड्या लावायच्या जागेत भरली. अठरा घरांपैकी सोळा घरं आली, पाण्याच्या टाकीच्या सभेला पाच आली होती. दाखला वाचून दाखवताच दोन तट पडले. येणारे एकीकडे, जाणारे दुसरीकडे. दुसऱ्या मजल्यावरच्या, मुलीचं नुकतंच लग्न केलेल्या गृहस्थांनी, हे मुलीचं गाणं आहे असं सांगून डोळे पुसले. गाणं पुरुषाच्या आवाजात आहे, हे कोणीतरी लक्षात आणून दिल्यावर ते म्हणाले, "मग जावयाचं असेल." मोटार ट्रेनिंगवाले म्हणाले, तो निघालाय असं नुसतं म्हणतोय, हँडब्रेक काढलेला नाही. कोणीतरी निकाल लागावा म्हणून मोबाइलवर अख्खं गाणं लावलं. ते नेमकं "ना ना ना"वर अडकलं आणि तिथंच फिरत राहिलं.

हात वर करून मतं घेतली. आठ येणारे, आठ जाणारे. डॉक्टर आपलं जादा मत टाकणार, एवढ्यात निरीक्षक उठले आणि म्हणाले, फिर्यादीला न्यायाधीश होता येणार नाही. ओरडाआरडा सुरू झाला. तो सगळा एका आवाजाखाली दबला. सिस्टर उभ्या राहिल्या होत्या.

"एवढा वेळ भांडताय, ज्या बाईच्या दारावर ती बेल आहे तिला कोणी विचारलंय का?"

सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. बायको तिथं मांडीवर वह्या घेऊन बसली होती.

"मी कशाला?" ती म्हणाली. "चालू द्या तुमचं."

"सांग गं," सिस्टर म्हणाल्या.

तिनं पेनाला टोपण लावलं. "मला ते येणाऱ्याचं वाटत नाही आणि जाणाऱ्याचंही वाटत नाही. तुम्ही सगळे त्या बाहेरच्याकडेच बघताय. मला लहानपणापासून हे गाणं लागलं की ती आतली दिसते."

"आतली कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"जिला कडी लावू नको म्हणून सांगितलंय, ती. तो येईल नाहीतर जाईल, त्याचं तो बघेल. तोवर ती काय करतेय? उजाडेल तेव्हा उजाडो म्हणायला त्याचं काय जातंय? बसायचंय तिला."

निरीक्षकांना वाटलं, छान बोलली. त्यांना अभिमानसुद्धा वाटला. तो पुढची दोन मिनिटं टिकला.

"आमच्याकडचंच सांगते," ती म्हणाली. शाळेत सांगायची तसंच, आवाज न चढवता. "यांचा ऑफिसातून फोन येतो, निघालो. ऑफिस ते घर वीस मिनिटं. हे येतात सत्तर मिनिटांनी. तक्रार म्हणून नाही, उदाहरण म्हणून सांगतेय. मधली पन्नास मिनिटं अंघोळीला जाता येत नाही. सिस्टरांकडे जाऊन बसता येत नाही. जरा आडवं व्हावं तर डोळा लागायची भीती. दार उघडायला हवं ना. तर रोजची पन्नास मिनिटं. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे पाच तास. सुट्ट्या वगळून वर्षाचे पन्नास आठवडे धरा. अडीचशे तास. चोवीस वर्षं. सहा हजार तास. आता चोवीसनं भागा."

कोणी भागलं नाही.

"अडीचशे दिवस," ती म्हणाली. "दिवसरात्र धरून." आणि पेनाचं टोपण काढून तिनं पुढची वही उघडली.

निरीक्षकांनी सवयीनं मनातल्या मनात हिशेब पडताळला. गुणाकार बरोबर होता. भागाकार बरोबर होता. बाकी काही उरत नव्हती. काटा मारणारा दुकानदार ते दारातून ओळखत. नजर जरा चुकवतो, हात जरा लवकर उचलतो. गेली चोवीस वर्षं आपण रोज संध्याकाळी फोनवर काटा मारत होतो, हे मात्र त्यांना खुर्चीवर बसल्या बसल्या आत्ता कळत होतं. आणि त्यांचा इरादा कधीच वाईट नव्हता. निघालो म्हणताना ते निघालेलेच असत, मनानं. मग एक फाईल राही. मग शिपायाच्या मेहुण्याची हकीकत. मग जिन्यात कोणी भेटे, मग फाटकापाशी चहा. हेच सगळे दुकानदारही सांगत. साहेब, इरादा नव्हता.

सभेतल्या बायका बोटांवर काहीतरी मोजू लागल्या होत्या. पुरुषांना एकाएकी आपापल्या मोबाइलमध्ये कामं निघाली. डॉक्टरांनी घसा खाकरला.

"मग ठराव काय लिहायचा?"

"लिहा, विषय तहकूब," कोणीतरी म्हणालं, आणि खुर्च्या उचलल्याचे आवाज सुरू झाले.

घरी येऊन निरीक्षकांनी स्टूल घेतलं, बेलमधल्या दोन्ही बॅटऱ्या काढल्या आणि कपाटात ठेवल्या. स्टूल कोणी धरलं नव्हतं. खाली उतरून ते स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज सिस्टरांनी विचारलं."

सोमवारी त्यांनी फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावरच फोन केला आणि एकविसाव्या मिनिटाला दारावर टकटक केली. बायकोनं दार उघडलं, घड्याळ पाहिलं नाही. मंगळवारी वीस मिनिटं. शाबासकी कोणी देत नव्हतं. बुधवारी त्यांना वाटलं, फोनच नको. फोन नाही म्हणजे निघालो नाही, निघालो नाही म्हणजे वाट बघणं नाही. या विचारावर खूश होऊन ते सहा वाजता घरी पोचले, तर दाराला कुलूप.

त्यांनी खिसे चाचपले. मग बॅग उपसली. मग, कुलपाकडे बघत, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे या घराची किल्लीच नाही. हरवली वगैरे नव्हती. कधी नव्हतीच. चोवीस वर्षांत त्यांनी ते दार एकदाही बाहेरून उघडलं नव्हतं.

त्यांनी बायकोला फोन लावला. तो आत वाजला.

सिस्टरांचं दार बंद होतं. निरीक्षक जिन्याच्या पायरीवर बसले. पायरी गार होती आणि एका बाजूला उतरती होती, पण पाणसळ घरात होती. वर-खाली करणाऱ्यांना वाट देण्यासाठी त्यांना दर दोन मिनिटांनी गुडघे आवळावे लागत. मोटार ट्रेनिंगवाल्यांनी विचारलं, "काय साहेब, हवा खाताय?" लग्न झालेल्या मुलीच्या वडिलांनी विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?" डॉक्टर वरच्या टाकीची पाहणी करायला आले आणि थांबले.

"काय निरीक्षक, निघालात की आलात?"

"बसलोय," निरीक्षक म्हणाले.

खाली जाऊन कोपऱ्यावर चहा घेऊन यावं, असं त्यांना तीनदा वाटलं. पण तेवढ्यात ती आली तर? एकदा मान भिंतीला टेकली आणि डोळा लागतोय असं वाटताच ते दचकून सरळ झाले. पेपर दोनदा वाचून झाला, अगदी निविदा सूचनांसकट. सव्वासात झाले, साडेसात झाले. रागवावं असं त्यांनी मनाशी ठरवून पाहिलं, पण रागाला लागणारी ताकद अंगात नव्हती. आठच्या सुमारास जिन्यात बोलण्याचे आवाज आले आणि सिस्टर आणि बायको हळूहळू वर आल्या. दोघींच्या हातात चपला होत्या. चपलांना वाळू लागली होती.

"अगं, कुठं होतात?"

"तळ्यावर," बायको म्हणाली.

"काय होतं तिथं?"

"काही नाही. बाक आहे. बसलो होतो."

"दोन तास?"

"दोन तास. कोणाचीही वाट बघितली नाही." तिनं थोडा विचार केला. "छान वाटलं."

सिस्टर आपलं दार उघडून आत गेल्या. बायकोनं पर्समधून एक किल्ली काढली. नवी होती, अजून कागदाचा तुकडा बांधलेला.

"धरा. येताना किल्लीवाल्याकडून करून घेतली. ही तुमची."

निरीक्षकांनी किल्ली कुलपात घातली. ती गेली, पण फिरेना. त्यांनी दार स्वतःकडे ओढलं, ढकललं, गुडघा लावला. बायको आपली किल्ली हातात घेऊन शेजारी उभी होती.

"मी उघडू?"

"थांब."

किल्ली काही फिरली नाही. त्यांनी ती दिव्याखाली धरून एक डोळा मिटून पाहिली. तिसरा दात अर्ध्या मिलिमीटरनं जाड होता. शेवटी त्या दिवशी दार तिनंच उघडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, वजनं घासून नेमकी करायची जी बारीक कानस असते, ती घेऊन निरीक्षक जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी बसले. तीनदा घासलं, तीनदा मोजलं. शिपाई मेहुण्याची हकीकत सांगायला आला तर म्हणाले, "उद्या." पाच वाजता ते उठले आणि चालू लागले. फोन केला नाही.

दारात त्यांनी आवाज होणार नाही अशी किल्ली घातली. ती अडखळली, आणि मग फिरली.

बायको बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. वह्या पोटावर, पेन जमिनीवर पडलेलं, तोंड किंचित उघडं. तिला असं झोपलेलं, त्या वेळी, त्या उजेडात, निरीक्षकांनी कधी पाहिलं नव्हतं. दार लागताना कुठंतरी कुरकुरलं. तिनं डोळे न उघडताच विचारलं,

"आलात?"

"आलो," निरीक्षक म्हणाले.

ती कूस बदलून पुन्हा झोपली. त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि पाय न वाजवता ते आत गेले.